गायकाच्या चित्रपटात कथानक कुठे शोधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात जनसंवादाचे शिक्षण घेताना तुम्हाला संगीताशी संबंधित एका चित्रपटाच्या कथानकाची रचना उलगडून दाखवायची आहे. त्यासाठी तुम्ही चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ निवडलात, तीन अंकांची चौकट समोर ठेवून घड्याळ लावून बसलात, पहिली कलाटणी कशीबशी सापडली, दुसरी सापडलीच नाही, आणि उत्कर्षबिंदू कोणता यावरून मित्राशी वाद झाला. मित्राचे म्हणणे असे की या चित्रपटाला कथानकच नाही. शास्त्रीय संगीत आपल्याला कळत नाही, त्यामुळे काहीतरी महत्त्वाचे आपल्या हातून निसटत असावे, अशी शंकाही तुम्ही मोकळेपणाने लिहिली आहे.

मी बरीच वर्षे पटकथा लिहितो, इतरांच्या पटकथा वाचून त्यांवर टिपणे देतो आणि नागपुरात चित्रपट रसास्वादाची शिबिरे घेतो. तुमच्यासारखा प्रश्न शिबिरांत नेहमी येतो, आणि बहुतेक वेळा तो गायक, वादक किंवा चित्रकार नायक असलेल्या चित्रपटाविषयीच असतो. माझ्या मते तुमची खरी अडचण उत्कर्षबिंदू सापडत नाही ही नाही. ‘घटना’ कशाला म्हणायचे हे ठरवण्याआधीच तुम्ही घटना मोजायला बसलात, ही खरी अडचण आहे. नायक पोलीस किंवा वकील असेल तर घटना डोळ्यांना दिसते: पुरावा सापडतो, साक्षीदार फिरतो, निकाल लागतो. गायकाच्या बाबतीत निर्णायक गोष्ट पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. माणूस तोच, तानपुरा तोच, रागही तोच असतो. पण काल ज्या विश्वासाने त्याने षड्ज, म्हणजे सा, लावला होता तो विश्वास आज उरलेला नसतो. अशा चित्रपटाचे कथानक या फरकातून पुढे सरकते, आणि पटकथाकाराचे सगळे कौशल्य तो फरक पडद्यावर दाखवण्यात खर्ची पडते. पुढच्या विवेचनात चित्रपटाचा शेवट सांगावा लागणार आहे, तेव्हा ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून मग पुढे वाचावे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमच्या प्राध्यापकांनी ‘अमुक चौकट वापरूनच विश्लेषण करा’ असे सांगितले असेल, तर ती चौकट वापरावीच लागेल. मात्र ती कुठे अपुरी पडते हे लिहिण्याची मुभा तुम्हाला नेहमीच असते, आणि निबंधाचा सर्वांत चांगला भाग तोच होऊ शकतो. निवड मोकळी असेल तर चौकट शेवटी घ्या, आरंभी घेऊ नका. दुसरे असे की संगीताचा कान तयार असलेला प्रेक्षक आणि नसलेला प्रेक्षक यांना हा चित्रपट काही ठिकाणी वेगळा दिसतो. चित्रपटाचा गायक नायक शरद एखाद्या ठिकाणी चांगला गातो आहे की केवळ बरा, हे जाणकाराला गाण्यातून कळते, तर इतरांना ते भोवतालच्या माणसांच्या चेहऱ्यांवरून समजून घ्यावे लागते. दोन्ही वाचने वैध आहेत. आपण कोणत्या जागेवरून पाहत आहोत एवढे मात्र निबंधात एका वाक्यात सांगून टाकावे.

आता चौकटीविषयी. तीन अंकांची जी मांडणी आज सगळीकडे शिकवली जाते, ती सिड फील्ड या अमेरिकन शिक्षकाच्या १९७९ सालच्या पटकथालेखनावरील पुस्तकामुळे रूढ झाली. साधारण एकशेवीस पानांची पटकथा, पहिली तीस पाने मांडणीची, मधली साठ संघर्षाची, शेवटची तीस निराकरणाची, आणि अंकांच्या सांध्यांवर एकेक कलाटणी, असा तिचा ढोबळ हिशेब आहे. ही चौकट निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. कोरा कागद समोर असताना ती लेखकाला आधार देते. पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. नायकाला एखादी ठोस गोष्ट हवी आहे, तिच्या वाटेत ठोस अडथळा आहे आणि शेवटी ती मिळते किंवा मिळत नाही, असे ती मानते. हे गृहीतक जिथे लागू पडते तिथे चौकट चपखल बसते.

अशा चपखल बसण्याचे उदाहरण आपल्या गावाशी नाते असलेले आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिले, १९६७ साली ते रंगभूमीवर आले, त्याला पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत होते आणि खाँसाहेबांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांनी केली होती. सुबोध भावे यांनी २०१५ साली त्यावर चित्रपट केला. त्या चित्रपटात राजगायकपद ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, ती जिंकण्यासाठी दरबारात गायनाचा सामना आहे, वर्षानुवर्षे हरणारा खाँसाहेब हा मानी गायक आहे, प्रतिस्पर्ध्याचा गळा निकामी करणारे कपट आहे, आणि कट्यार नावाची एक वस्तू आहे जी मानाचे चिन्हही आहे आणि हत्यारही. कारणामागे परिणाम इतका घट्ट बांधलेला आहे की मधला एखादा प्रसंग काढला तर पुढचा उभाच राहत नाही. शिवाय इथे गाणे म्हणजेच कृती आहे: एकाने तान घेतली की दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते, आणि सामना संपतो तेव्हा कोणाचे तरी स्थान बदललेले असते. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी गेल्यानंतर त्यांचा शिष्य सदाशिव येतो, सूड घेऊ पाहतो, आणि ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याचीच विद्या त्याला हवीशी वाटू लागते. हा पेच प्रेक्षकाला संगीतातले काही न कळताही समजतो. तुम्ही घड्याळ लावून हा चित्रपट पाहिला असता, तर तुमची अडचण उद्भवलीच नसती.

चरित्रपटाचा प्रकार तिसराच, त्याला मी ओझरता स्पर्श करतो. निपुण धर्माधिकारी यांचा २०२२ सालचा ‘मी वसंतराव’ घ्या. त्यात वसंतरावांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली आहे, आणि बालपणाचा भाग नागपूरचा असल्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाला तो विशेष जवळचा वाटतो. चरित्रपटात घटना आयुष्यानेच पुरवलेल्या असतात, त्यामुळे पटकथाकाराचे काम घटना रचण्याचे नसून त्या गाळण्याचे असते. तिथे विचारायचा प्रश्न असा: एवढ्या मोठ्या आयुष्यातून लेखकाने कणा म्हणून काय निवडले? संरक्षण खात्याच्या लेखा विभागातली नोकरी सांभाळत गाणारा माणूस पूर्णवेळ गाण्याकडे केव्हा आणि का वळतो, हा तो कणा आहे, आणि तो हाताशी धरला की लांबलेले वाटणारे प्रसंगही आपापल्या जागी जातात.

‘द डिसायपल’ यांपैकी कशातच बसत नाही. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. लेखन, दिग्दर्शन आणि संकलन ही तिन्ही कामे ताम्हाणे यांनी स्वतः केली आहेत, आणि ही माहिती तुमच्या निबंधासाठी महत्त्वाची आहे. कारण प्रसंग कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा हे ज्याने लिहिले त्यानेच कात्रीही चालवली, त्यामुळे अर्धवट वाटणारे तुकडे अपघाताने अर्धवट राहिलेले नाहीत असे धरून चालावे.

या चित्रपटाचा नायक शरद नेरुळकर २००६ च्या मुंबईत आपल्याला भेटतो. तो गुरुजींकडे शिकतो, त्यांची सेवा करतो, आजीकडे राहतो, आणि दुर्मिळ गायकांची जुनी ध्वनिमुद्रणे विकणाऱ्या एका छोट्या उद्योगात काम करतो. रात्री मोटारसायकलवरून जाताना त्याच्या कानात माईंचा आवाज असतो. माई म्हणजे गुरुजींच्या गुरू. त्यांच्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे शरदपर्यंत वडिलांच्या वारशाने आली आहेत. आता मला सांगा, शरदला नक्की काय हवे आहे? ‘मोठा गायक व्हायचे आहे’ हे उत्तर चटकन येते, पण ते अपुरे आहे, आणि तीन अंकांची चौकट तुम्हाला फसवते ती नेमकी इथे. त्याला प्रसिद्धी हवी असती तर कथानक स्पर्धांचे झाले असते. चित्रपटाच्या आरंभीच तो एका स्पर्धेत भाग घेतो आणि त्याचा क्रमांक येत नाही, म्हणजे तो रस्ता लेखकाने दाखवून लगेच बाजूला सारला आहे. शरदला हवे आहे ते असे: माईंनी सांगितलेला साधकाचा मार्ग खरा आहे आणि आपण त्या मार्गावर आहोत, हा विश्वास. ज्याला या वाटेने जायचे त्याने एकटे आणि उपाशी राहायला शिकले पाहिजे, अशा अर्थाचे माईंचे बोलणे तो घोटून घोटून ऐकतो. हा विश्वास टिकतो की जातो, आणि गेला तर कशाने जातो, हेच या चित्रपटाचे कथानक आहे. एकदा हे मान्य केले की ‘काहीच घडत नाही’ असे वाटणारे प्रसंग बोलायला लागतात.

मी स्वतः अशा चित्रपटाचे काम करताना प्रसंगांची यादी करतो, आणि प्रत्येक प्रसंगापुढे ‘काय घडले’ हे न लिहिता दोन गोष्टी लिहितो: प्रसंगात शिरताना नायक कशावर विश्वास ठेवून होता, आणि बाहेर पडताना त्यातले किती शिल्लक आहे. गाण्याच्या प्रसंगांसाठी आणखी एक रकाना असतो, ‘ऐकणारा कोण’. गायकाच्या चित्रपटात ऐकणारा बदलला की प्रसंगाचा अर्थ बदलतो. सुरुवातीच्या मैफलीत गुरुजी गात आहेत आणि शरद मागे तानपुऱ्यावर बसला आहे. कॅमेरा हळूहळू त्याच्याकडे सरकतो. म्हणजे चित्रपटाने आपल्या नायकाची ओळख गाणारा म्हणून करून दिलेली नाही, ऐकणारा म्हणून करून दिली आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा तो भारावलेपणा नीट पाहून ठेवा, कारण पुढच्या सगळ्या चित्रपटाचे मोजमाप त्याच्याशी करायचे आहे. पुढे तो स्वतः गातो तेव्हा समोर परीक्षक आहेत, गुरुजी आहेत, तुरळक श्रोते आहेत, आणि यांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर तो भाव त्याला मिळत नाही. कोणी काही बोलत नाही, आणि तरी कथानक पुढे सरकलेले असते.

आता तुमच्या उत्कर्षबिंदूच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या मित्राशी झालेल्या वादात दोन जागा पुढे आल्या: शरद भर मैफलीत गाणे थांबवून उठून जातो ती, आणि शेवटची लोकल गाडीतली. माझे मत यांपैकी एकाही जागेला नाही. माझ्या वाचनात निर्णायक प्रसंग त्याआधीचा आहे: जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्राहक असलेल्या एका जाणकारासोबत शरद बसला आहे तो. हा प्रसंग परत परत पाहावा असा आहे. हा माणूस खलनायक नाही. त्याला गाण्यातले कळते, ज्या दुर्मिळ गोष्टींसाठी शरद जीव टाकतो त्या त्याच्याकडे आहेत, आणि शरद त्याच्याकडे आदराने आलेला आहे. गप्पांच्या ओघात तो थोर गायकांविषयीच्या दंतकथा उतरवू लागतो. हळूहळू बोलणे माईंवर आणि गुरुजींवर येते, शरदच्या वडिलांचाही विषय निघतो. तो आवाज चढवत नाही, वाद घालत नाही. सहज, खाता-पिता, आपल्याला सगळे ठाऊक आहे अशा निवांतपणे बोलतो. शेवटी शरद समोरचा ग्लास त्याच्या अंगावर रिकामा करतो.

अनेक जण या प्रसंगाला ‘शरदचा उद्रेक’ म्हणून एका ओळीत उरकतात. मी त्यापुढे असा प्रश्न विचारतो: शरदला राग कशाचा आला? समोरचा माणूस खोटे बोलत असता तर शरद वाद घालू शकला असता. संगीताविषयी वाद घालण्याइतके त्याला नक्की येते. त्याला उत्तर सुचत नाही, कारण त्या माणसाचे म्हणणे खरे असण्याची शक्यता त्याच्या मनाने त्याच क्षणी स्वीकारलेली आहे. ग्लास अंगावर रिकामा करणे म्हणजे हरलेल्याची कृती आहे. माईंचा आवाज हा या चित्रपटाचा आधारस्वर असेल, तर तो आधार इथे सुटतो. यानंतर शरद रियाज करील, मैफली करील, शाळेत मुलांना शिकवील, पण ज्यावर त्याने आयुष्य उभे केले ते पूर्वीसारखे अभंग राहणार नाही. म्हणून कथानकाचा खरा सांधा मी इथे मानतो. मैफलीतून उठून जाणे हा त्याचा परिणाम आहे: आतमध्ये आधीच घेतलेला निर्णय शरीराने बाहेर जाहीर करणे. हे मत तुम्ही स्वीकारलेच पाहिजे असे नाही. मैफलीचा प्रसंग हाच उत्कर्षबिंदू असेही कोणी समर्थपणे मांडू शकेल. त्याचा युक्तिवाद असा राहील की माणूस कशावर विश्वास ठेवतो यापेक्षा तो सर्वांसमोर काय करतो याला कथानकात अधिक वजन असते. दोन्ही पक्ष लिहून मग आपला पक्ष निवडलात, तर निबंधाला बळ येईल.

आता एका उपकथानकाकडे लक्ष वेधतो, कारण तुमच्या टिपणात त्याचा उल्लेख नव्हता. दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धेत एक साधी मुलगी येते, शास्त्रीय गाणे गाते, परीक्षक हेलावतात, आणि काळाच्या ओघात तिचे रूप, वेशभूषा आणि गाणे सगळेच बदलत जाते. शरद तिला केवळ पडद्यावर पाहतो. दोघांची भेट चित्रपटात होतच नाही. रूढ पटकथेत दोन धागे कुठेतरी एकमेकांना भिडावेत अशी अपेक्षा असते, आणि पटकथा वाचणारा कोणीही ‘या दोघांची भेट का घडवत नाही’ असा शेरा मारील. इथे भेट न होण्यातच रचना आहे. एकीकडे लोकांनी पटकन उचलून धरलेली मुलगी, दुसरीकडे ज्याला कोणी उचलून धरत नाही असा साधक. भेट झाली असती तर हेवा किंवा समेट यांपैकी काहीतरी घडवावे लागले असते आणि विषय त्या दोघांच्या नात्याकडे वळला असता. भेट नसल्यामुळे तुलना करण्याचे काम प्रेक्षकाकडे येते. ती मुलगी केव्हा केव्हा दिसते आणि त्या प्रत्येक वेळी शरद आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, एवढी एकच नोंद तुम्ही केलीत तरी चित्रपटाच्या बांधणीविषयी बरेच काही हाती लागेल.

बालपणीचे प्रसंगही असेच आहेत. वडील लहान शरदला गाणे शिकवतात, त्याच्यावर मेहनत घेतात, आणि स्वतः वडील गायक म्हणून कुठे पोहोचलेले नाहीत हे आपल्याला कळत जाते. हे प्रसंग नायकाविषयी सहानुभूती वाटावी म्हणून घातलेले नाहीत. ही ओढ शरदची स्वतःची आहे की बापाची अपुरी राहिलेली इच्छा त्याच्या गळ्यात उतरली आहे, असा प्रश्न ते उभा करतात. हा प्रश्न मनात ठेवून संग्राहकाचा प्रसंग पुन्हा पाहा, म्हणजे वडिलांचा विषय निघणे किती जिव्हारी लागणारे आहे हे कळेल.

इथवरचे म्हणणे एकत्र करून सांगायचे तर: आधी नायकाला काय मिळवायचे आहे यापेक्षा तो कशाच्या आधारावर जगतो हे ठरवा, मग प्रत्येक प्रसंगात त्या आधाराचे काय होते ते पाहा, गाण्याच्या प्रसंगात ऐकणाऱ्यावर नजर ठेवा, आणि कलाटणी घड्याळावर न शोधता आधार हलतो तिथे शोधा.

यानंतर एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. संगीताच्या चित्रपटावर लिहिताना ‘या चित्रपटाची रचना ख्यालासारखी आहे, आधी विलंबित, मग द्रुत’ असे वाक्य लिहिण्याचा मोह फार होतो. ते वाक्य ऐकायला छान लागते आणि बहुतेक वेळा त्यामागे पुरावा नसतो. ख्याल या गायनप्रकारात मुखडा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचा तुकडा, परत परत येतो, तालाचे आवर्तन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊन मिळते, आणि दर वेळी गायक मधली जागा वेगळ्या तऱ्हेने भरतो. ही तुलना करायचीच असेल, तर चित्रपटात काय परत येते, ते कुठे येऊन मिळते आणि दोन आगमनांमधली जागा कशी वेगळी भरली आहे, हे तिन्ही दाखवावे लागेल. ‘द डिसायपल’मध्ये असे दाखवता येण्याजोगी एक गोष्ट आहे: संथ गतीने टिपलेला मोटारसायकलवरचा रात्रीचा प्रवास आणि त्यावर माईंचा आवाज. तो प्रत्येक वेळी कोणत्या प्रसंगानंतर येतो आणि माई त्या वेळी नेमके काय सांगत आहेत, याची नोंद करा. माईंचा उपदेश आणि आधीच्या प्रसंगात आपण पाहिलेला शरद यांच्यातले अंतर वाढत जाते असे तुम्हाला दिसले, तर तुमच्या तुलनेला पाया मिळाला. ‘विलंबित-द्रुत’ हा भाग मात्र सोडून द्या. हा चित्रपट शेवटाकडे जाताना वेग घेत नाही.

तुम्हाला भारतीय चौकट वापरायची असेल तर भरताच्या नाट्यशास्त्रातील पाच अवस्थांचा उपयोग होईल: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. फळाची इच्छा, त्यासाठीची धडपड, मिळेल अशी आशा, मिळणारच अशी खात्री, आणि अखेर फळाची प्राप्ती, असा हा क्रम आहे. शरदची कथा या क्रमावर ठेवून पाहिली की ती पहिल्या दोन अवस्थांतून नीट जाते, तिसरीत दीर्घकाळ रेंगाळते आणि चौथीपर्यंत पोहोचतच नाही. हे निरीक्षण मला तीन अंकांच्या गणितापेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटते. चित्रपट लांबलेला वाटण्याचे कारणही त्यातून कळते: आशा ही अवस्था मुळातच लांबणारी असते, आणि रियाज करणाऱ्या हजारो माणसांचे आयुष्य याच अवस्थेत जाते. तुम्हाला मध्यभाग सपाट वाटला तो या लांबलेल्या आशेमुळे. त्या सपाटीतही किंचित उतार आहे, आणि तो दाखवून देणे हेच तुमच्या विश्लेषणाचे काम आहे.

शेवटच्या प्रसंगाविषयी थोडे. शरद आता पत्नी आणि लहान मुलीसह लोकलमधून जात आहे, गाणे सोडून संगीताच्याच व्यवसायात त्याने दुसरी वाट धरली आहे, आणि डब्यात एक भिक्षेकरी गायक तंतुवाद्य वाजवीत गात येतो. याला कोणी ‘खरे संगीत रस्त्यावर असते’ असा संदेश मानतात. मला तो अर्थ उथळ वाटतो. आपण केलेल्या नोंदीनुसार पाहा: ऐकणारा कोण? पुन्हा शरदच. चित्रपटाने त्याला पहिल्यांदा ऐकताना दाखवले आणि शेवटीही ऐकतानाच दाखवले. मधल्या काळात तो गाणारा होऊ पाहत होता. पहिल्या मैफलीत त्याच्या चेहऱ्यावर जे होते आणि इथे जे आहे, ती दोन चित्रे शेजारी ठेवून तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत, तर ‘कथानक नाही’ या आक्षेपाला वेगळे उत्तर देण्याची गरज राहणार नाही.

संगीत कळत नसल्याची तुमची भीती मी गांभीर्याने घेतो, पण तिच्यामुळे विषय बदलू नका. राग ओळखता येणे या कामासाठी आवश्यक नाही. गाणे पूर्ण होते की मध्येच तुटते, गायक श्रोत्यांकडे पाहतो की डोळे मिटून असतो, तान घेतल्यावर साथीदार मान डोलावतात की नुसते ठेका धरून राहतात, प्रसंग दाद मिळण्याआधी कापला आहे की नंतर, एवढे कोणालाही दिसते. जमल्यास सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात एखादी शास्त्रीय गायनाची मैफल असेल तेव्हा अवश्य जा, आणि गायकापेक्षा मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याकडे अधिक वेळ पाहा. गुरूने एखादी जागा घेतली की त्याचा चेहरा कसा खुलतो, मध्येच गुरूने सूर भरायची खूण केली की तो किती जपून आवाज लावतो, आणि आवाज थोडा जरी पुढे गेला तर लगेच कसा आवरता घेतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर शरदच्या प्रसंगांतले कितीतरी बारकावे तुम्हाला आपोआप दिसतील.

लिहिताना कथा सांगण्यात पाने घालवू नका. अर्ध्या पानात कथासूत्र पुरे. त्यानंतर ‘शरद कशाच्या आधारावर जगतो’ याविषयीचे आपले म्हणणे मांडा, मग दोन किंवा तीनच प्रसंग सविस्तर घ्या आणि बाकीच्यांचा ओझरता उल्लेख करा. तीन अंकांची किंवा पाच अवस्थांची चौकट त्यानंतर आणा आणि ती कुठे बसते, कुठे बसत नाही ते सांगा. मित्राचा आक्षेपही निबंधात घ्या. तो चांगला आक्षेप आहे आणि पुष्कळ प्रेक्षकांच्या मनातला आहे. चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा पहिल्या वेळी घड्याळ बाजूला ठेवून सलग पाहा, आणि नोंदी दुसऱ्या वेळी करा. प्रसंगांची यादी तयार झाली आणि संग्राहकाच्या प्रसंगाविषयी तुमचे मत माझ्यापेक्षा वेगळे झाले, तर ते कारणांसह इथेच लिहा; मी वाचून उत्तर देईन.